डावं, उजवं, छाती

१

धर्मेंद्रचं दुकान सेलूला, घर बोरगाव मेघेत आणि मन सदा आभाळात. आठवडाभर तो शेतकऱ्यांना ठिबकच्या नळ्या विकायचा आणि सुटीच्या दिवशी बोडकीवर जाऊन उडायचा. बोडकी म्हणजे सेलूहून बोरच्या जंगलाकडे जाताना लागणारी टेकडी. माथ्यावर झाड म्हणून नाही, नुसतं कुसळाचं गवत, म्हणून तिचं ते नाव पडलं.

उडायचा म्हणजे पॅराग्लायडरनं. गावात सगळे त्याला छत्रीच म्हणत, आणि त्यावरही धर्मेंद्र नाक मुरडायचा. त्याचं नाक तसं कायम मुरडलेलंच असे. गावातले अडाणी, वर्धेचे भित्रे, नागपूरहून येणारे नुसते फोटोकाढू, आणि मधुकरराव? मधुकरराव म्हणजे भंगार. आता हे मधुकरराव कोण, तर याच्या बायकोचे, हर्षाचे, सख्खे मामा. फौजेतून निवृत्त झालेले. याला आणि हर्षाला उडायला शिकवलं ते त्यांनीच. ज्यानं पंख दिले त्यालाच भंगार म्हणायला माणूस तयारीचा लागतो, आणि आमचा धर्मेंद्र चांगलाच तयारीचा होता.

मामांचा एक नियम होता. उडणाऱ्यानं समोर, बांबूला बांधलेल्या वाऱ्याच्या पिशवीवर नजर ठेवून उभं राहायचं. दुसऱ्यानं मागून यायचं आणि त्याच्या अंगावरचे पट्टे एकेक करून ओढून बघायचे. आधी डाव्या मांडीचा, मग उजव्या मांडीचा, मग छातीचा. ओढताना मोठ्यानं म्हणायचं, "डावं, उजवं, छाती." उडणाऱ्यानं मान न वळवता उत्तर द्यायचं, "बांधलं." मान वळवली की समोरचा वारा निसटतो, असं मामांचं म्हणणं. हे झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, आणि टेकडीवर एकट्यानं तर जायचंच नाही.

"मी का बैल आहो, मामाजी, दर खेपेले जू ओढून पाहाले?" धर्मेंद्र म्हणायचा.

"बैल जमिनीवर चालते, बाप्पा," मामा म्हणायचे. "त्याचं जू सुटलं तं तो गवत खाते. तुझं सुटलं तं?"

त्यात धर्मेंद्रनं यंदा नवं हलकं सामान आणलं. छत्री दप्तराएवढी, आणि अंगाला बांधायचं पट्ट्यांचं जाळं तर मुठीत मावेल असं. मामांच्या जुन्या सामानाला लोखंडी बकलं होती, गादी होती. याला बकल नाही की गादी नाही. दोरीच्या फासात बोटाएवढी खिट्टी सरकवायची, टक् असा आवाज आला की झालं. पोटाशी बांधायची राखीव छत्रीसुद्धा धर्मेंद्रनं कपाटात टाकून दिली, वजन होतं म्हणून.

येत्या रविवारी हर्षा पहिल्यांदा बोडकीवरून एकटी उडणार होती. मामा म्हणत होते, पोरीला माझं जड सामान द्या. धर्मेंद्र हसला. "तुमचं ते गोणं घालून ती उडन का दळन आणाले जाईन?" सेलूच्या बाजारात त्यानं चार जणांना सांगूनही टाकलं होतं, की माझी बायको हलक्या सामानावर उडून दाखवते, पाहा.

२

त्या आठवड्यात बुधवारी त्यानं दुकान लवकर बंद केलं आणि एकटाच बोडकीवर गेला. खाली पायथ्याशी शकुबाईचं घर. तिच्या ओट्यापाशी तो गाडी ठेवायचा. शकुबाई पऱ्हाटीतून कापूस वेचून आली होती आणि पदरातला कचरा झटकत होती.

"आज एकलाच?" ती म्हणाली. "मामा नाई?"

"मामाचं काय काम आहे वर?"

"मले का माईत, बापा. आमी तं झाडावरून पडलेले पाह्यले, आभायातून पडलेला अजून पाहाचा हाय." आणि ती फिदीफिदी हसली. धर्मेंद्रनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी चपलेला लागलेल्या शेणाकडे पाहतं.

वर ऊन कलतं होतं, वारा समोरून, अगदी हवा तसा. त्यानं गवतावर छत्री पसरली, दोऱ्या सोडवल्या, जाळं अंगात चढवलं. डावी खिट्टी, टक्. उजवी, टक्. छातीची, टक्. मग तो वाऱ्याच्या पिशवीवर नजर लावून उभा राहिला. पिशवी भरत होती, पडत होती. पुन्हा भरेल आणि मग धावायचं.

मागून डाव्या मांडीचा पट्टा ओढला गेला.

फार जोरात नाही. कुलूप लागलंय का, हे बघायला आपण हिसका देतो ना, तेवढाच. मग उजवा. मग बगलेखालून येऊन छातीचा.

"बांधलं," धर्मेंद्र म्हणाला.

म्हणून बसला आणि मग त्याला आठवलं, वर आपण एकटेच आलोय. सवय ही चीजच अशी, तोंड आधी बोलून जातं आणि अक्कल मागून येते. त्यानं झटकन मान वळवली. मागं छत्री पसरलेली, तिच्यामागं गवत, गवतामागं उतार. चिटपाखरू नव्हतं.

दोरी अडकली असेल. वाऱ्यानं छत्री जरा उचलली की दोऱ्या ओढतात आणि पट्टे ताणतात, यात काय मोठं? धर्मेंद्र स्वतःवरच चिडला. म्हाताऱ्यानं डोक्यात भरवलेला कचरा, दुसरं काय! मग तो धावला, उडाला, पंधरा मिनिटं मस्त तरंगला आणि शकुबाईच्या शेताच्या धुऱ्यापाशी, बांधालगत उतरला. सगळं ठीक झालं होतं.

पण रात्रभर त्याला एकच गोष्ट टोचत राहिली. दोऱ्या खांद्यातून वर जातात. त्यांनी ओढलं तर खांदे ओढले जातील. मांडी कशी ओढली जाईल?

३

घरी मागच्या खोलीत छताला हुक होता. शिकणाऱ्यानं पट्ट्यांचं जाळं हुकाला टांगून त्यात बसायचं, म्हणजे हवेत अंग कसं राहतं ते कळतं. गुरुवारी संध्याकाळी हर्षा त्यात बसून सराव करत होती. धर्मेंद्र बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. आतून दोरीची करकर येत होती, आणि मधूनच खिट्टीचा आवाज. टक्. जरा थांबून, टक्.

सराव चांगला चाललाय, असं त्याला वाटलं. मग स्वयंपाकघरातून कुकरची शिटी झाली आणि हर्षाची हाक आली.

"अहो, ताटं घेता का?"

धर्मेंद्रनं टीव्हीचा आवाज बंद केला. हर्षा स्वयंपाकघरात होती. मागच्या खोलीतून दोरी करकरतच होती.

टक्.

तो आवाज त्यानं नीट ऐकला. आधी जरा घासल्यासारखं, चाचपल्यासारखं, मग टक्. पुन्हा घासणं, पुन्हा टक्. नवीन माणूस खिट्टी शिकताना असंच करतो. त्याला स्वतःला दोन दिवस लागले होते. आणि खिट्टी अडकताना जो आवाज होतो तोच सुटतानाही होतो, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदाच जाणवलं.

ऐकता ऐकता घासणं कमी झालं. शेवटचा टक् एकदम सफाईनं आला.

त्यानं जाऊन दार ढकललं आणि दिवा लावला. जाळं हुकाला टांगलेलं, हळूहळू झुलत. खिडकी बंद, पंखा बंद. तिन्ही खिट्ट्या बंद. बसायची जागा मात्र खाली ताणलेली होती, आत कोणी बसल्यावर होते तशी फुगीर, आणि तो बघत असताना ती सावकाश वर आली.

"काय झालं?" हर्षा मागून म्हणाली.

"तू उठून किती वेळ झाला?"

"झाला की. वरण टाकलं, पोळ्या झाल्या. काऊन?"

सांगायचं होतं, ते तेव्हाच सांगायचं होतं. पण हर्षा मामाला सांगणार, मामा मिशीतल्या मिशीत हसणार, आणि ते हसू धर्मेंद्रला सोसणार नव्हतं. "काई नाई," तो म्हणाला. "नवीन कापड आहे. ताणते अन् वापस येते." आणि आपल्या या स्पष्टीकरणावर त्यानं जवळजवळ विश्वासही ठेवला.

४

शुक्रवारी तो पुन्हा एकटाच बोडकीवर गेला. कशाला गेला, विचाराल तर तोऱ्यापायी. भीती वाटते हे स्वतःजवळही कबूल करायचं नव्हतं.

या वेळी त्यानं प्रत्येक खिट्टी दोनदा ओढून पाहिली. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोळ्यांनी. मग पिशवीकडे तोंड करून उभा राहिला आणि मनाशी म्हणाला, आता ओढ. ओढूनच दाखव.

डाव्या मांडीचा पट्टा ओढला गेला.

तो गर्रकन वळला. मागं कोणी नव्हतं. वाऱ्यानं सगळं कुसळ त्याच्यापासून दूर झुकलं होतं, पार उतारापर्यंत. फक्त त्याच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, दोन पावलं मावतील एवढं गवत जमिनीला चिकटून दबलेलं होतं. तो बघत असताना त्यातली एक काडी उभी झाली. मग दुसरी.

"फालतूपना," धर्मेंद्र मोठ्यानं म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. तिथं आता उभं राहवत नव्हतं, आणि सामान गुंडाळून चालत उतरायचं म्हणजे त्या गवताला पाठ देऊन गुडघ्यावर बसायचं. त्यापेक्षा हवा बरी. तो धावला.

पाय जमिनीवरून सुटले, पण जाळ्यात त्याला बसता आलं नाही. डावी बाजू खाली गेली. अंग जाळ्यातून घसरलं, छातीचा पट्टा सरकून गळ्याशी आला, आणि धर्मेंद्र एका मांडीवर आणि दोन बगलांवर लोंबकळायला लागला. खाली दीडशे हात. खाली तुरी, पऱ्हाटी, शकुबाईचं कौलारू घर. डाव्या मांडीचा फास सुटून वाऱ्यावर फडफडत होता. उजवा होता म्हणून तो होता.

कसा उतरला ते त्याचं त्यालाच ठाऊक. छत्री वळवायच्या ब्रेकच्या दोऱ्या सोडून दोन्ही हातांनी वरचे पट्टे कवटाळले, गुडघे पोटाशी घेतले आणि छत्री जाईल तिकडे गेला. तुरीच्या पिकात कोसळला. कोपरं सोलली, ओठ फुटला. पडल्या पडल्या त्यानं आधी डावी खिट्टी पाहिली. शाबूत, धडधाकट. माणसाचं वजन पडल्यावर ही खिट्टी सुटूच शकत नाही, तशी तिची घडणच असते. ती सुटते ती उभ्या माणसाची, पट्टा ढिला असताना. तेही कोणी बोटांनी सोडवली तर.

बुधवारी तिन्ही पट्टे नुसते ओढून पाहिले होते. आज एक ओढला, तो सुटला. मधे गुरुवार गेला होता.

"अगागागा!" शकुबाई धुऱ्यावरून ओरडली. "अर्धाच बसून उडते का रे तू? का फ्याशन हाय ते?"

"वाऱ्यानं झालं," धर्मेंद्र म्हणाला.

५

घरी त्यानं गाडीवरून पडलो असं सांगितलं. हर्षानं हळद लावली. शनिवारी मामा आले, त्यांनी सोललेली कोपरं पाहिली आणि म्हणाले, "गाडीवरून पडलेल्याच्या बगलेत वळ नाई उमटत, जावईबापू."

धर्मेंद्रनं सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या.

"हे पाहा, माझं आयक. तुझा मान मोठा, मी लहान, चाल. पन उद्या पोरीले माझं बकलवालं सामान घालू दे."

इथं आमच्या धर्मेंद्रनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. एक होकार फक्त. हर्षासुद्धा त्याच्याकडे आशेनं बघत होती, तिच्या मनातही जड सामानच होतं. पण त्याला आठवला सेलूचा बाजार, ते चार जण, आणि मामांच्या मिशीखालचं हसू, जे मामांच्या तोंडावर तेव्हा नव्हतंच मुळी. "भंगार माझ्या घरात नाई चालत," तो म्हणाला. मामा उठून अंगणात गेले.

रात्री अंथरुणावर त्याची झोप उडाली. मागच्या खोलीतून आवाज येत नव्हता, आणि तेच त्याला जास्त वाईट वाटत होतं. शिकणं संपल्यावर सराव कोण करतो?

"हर्षा."

"हं?"

"उद्या मी खाली राहतो, शकुबाईच्या वावरात. उतरताना तुले वायरलेसवर सांगतो." खरं तर बोडकीवर पाय ठेवायची त्याची हिंमत उरली नव्हती. "अन् वर एक ध्यानात ठेवजो. कोनालेच पट्टे ओढू देजो नको. कोनालेच नाई. मांगून कोनी आलं तं मना करजो."

"मामालेही?"

त्यानं थोडा विचार केला. मामा नाही, दुसरं कोणी, हे सांगायला दुसरं कोण ते सांगावं लागलं असतं.

"कोनालेच नाई म्हटलं ना," तो म्हणाला आणि कूस बदलली.

हर्षा त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "त्यायचा एवढा तिरस्कार काऊन करता तुम्ही?"

६

रविवारी हवा सोन्यासारखी होती. धर्मेंद्र तुरीच्या कडेला वायरलेस धरून उभा होता. शकुबाई ओट्यावर चहा ठेवून आली होती, तमाशा बघायला. वर बोडकीच्या माथ्यावर हर्षाचं निळं हेल्मेट ठिपक्याएवढं दिसत होतं आणि तिच्यामागं छत्री पसरलेली. मामा तिच्याजवळ असणारच. मामा आहेत म्हणजे मागची जागा रिकामी नाही, असा त्यानं रात्रभर विचार करून जीव शांत केला होता. भंगार का होईना, मागं उभं आहे.

"झालं, तयारी झाली," वायरलेसवर हर्षाचा आवाज आला. आवाजात हसू होतं. "वारा चांगला आहे. निघू का?"

तेवढ्यात मागं वाळलेल्या पाल्यावर पावलं वाजली. धर्मेंद्रनं वळून पाहिलं.

मधुकरराव पायवाटेनं उतरून येत होते. घामेजलेले, तोंड कडू.

"तुमी इथं?" धर्मेंद्र म्हणाला.

"मंग कुठं राहू? तुनंच सांगितलं म्हने, मामाले पट्टे ओढू देजो नको. पोट्टी रडवेली झालती सांगताना. म्हटलं, नवरा-बायकोत मी कायले? उतरलो खाली."

धर्मेंद्रनं वायरलेस तोंडाशी नेला. पण हर्षाच बोलत होती.

"अन् मामा राग सोडून वापस वर आले, बरं झालं. मी वळून नाई पाह्यलं, मान वळवली की ओरडतेत. ओढून पाह्यलं त्यायनं." ती थांबली, नियमातले शब्द आठवून म्हणाली, "डावं, उजवं, छाती. मी म्हटलं, बांधलं."

मामा त्याच्या शेजारी उभे होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"थांब!" धर्मेंद्र ओरडला. "हर्षा, थांब, धावू नको! मांगं कोनी नाई, तो मामा नाई, मामा इथं—"

पण वायरलेसचं असं असतं, की दोघांनी एकदम बटण दाबलं तर कोणालाच कोणाचं जात नाही. हर्षाचं बटण दाबलेलंच होतं. ते तिच्या छातीच्या पट्ट्याखाली सापडलं असावं. धर्मेंद्र बेंबीच्या देठापासून ओरडत होता, जे बुधवारपासून गिळून ठेवलं होतं ते सगळं ओरडून सांगत होता, मामांसमोर, शकुबाईसमोर, काही लाज न बाळगता. आणि ते सगळं त्या तुरीच्या वावरातच राहत होतं.

थांबून ऐकलं तर तिकडून तिचा श्वास येत होता. बूट गवतावर धावत होते. कापड फुगल्याचा आवाज.

आणि त्या आवाजांमध्ये, अगदी जवळून, घाई न करता, एक टक्. मग दुसरा.

७

छत्री टेकडीच्या कडेवरून सुटली आणि समोरच्या उन्हात आली. लाल-पिवळी, हलकी, देखणी. शकुबाईनं टाळी वाजवली आणि अर्ध्यातच हात थांबवले.

हर्षा बसलेली नव्हती. सरळ लोंबत होती, पाय खाली, हात वर. पण पडत नव्हती. तिच्या पाठीला लागून, खांद्यांच्या मागं, काहीतरी होतं, तिच्याहून उंच. ऊन डोळ्यांत येत होतं, नीट दिसत नव्हतं. तिच्या पायांच्या खाली आणखी पाय असावेत असं वाटत होतं.

वायरलेस खरखरला.

"मामा?" हर्षा मागं न बघता हळू आवाजात म्हणाली. "छातीचं अजून ओढूनच राह्यले तुमी. झालं नाई का?"

मधुकररावांनी धर्मेंद्रचं मनगट धरलं.

"जावई," ते म्हणाले, "तिले मांगून कोन धरून हाय?"

छत्री त्यांच्याकडेच येत होती. तिची सावली पऱ्हाटीवरून, मग तुरीवरून सरकत आली, आणि धर्मेंद्रनं वर पाहण्याऐवजी सावलीकडेच पाहिलं. मागून कोणी उचलून धरलेल्या माणसाचा पट्टा ढिलाच असतो, आणि वायरलेसमध्ये छातीचा, तिसरा टक् वाजायचा होता. तिघंही ऐकत उभे राहिले.